मेलेल्या जनावराचा मालक

सरकारच्या दप्तरात एक तक्ता आहे. पुरात, विजेनं, गारपिटीत जनावर मेलं तर घरटी किती पैसे द्यायचे त्याचा. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्रानं लावलेला तक्ता असा : दुभती गाय, म्हैस ३७,५०० रुपये. ओढकामाचा बैल ३२,०००. वासरू, गाढव, खेचर २०,०००. शेळी, मेंढी, डुक्कर ४,०००. कोंबडी १००, पण एका घराला १०,००० च्या वर नाही. मोठी दुभती जनावरं तीनपर्यंत धरायची, लहान असतील तर तीसपर्यंत. मग गोठ्यात कितीही मरोत.

हा तक्ता मला पाठ आहे. स्वतःच्या कविता पाठ होत नाहीत, हा झाला.

वरनं खाली उतरत जाणारा तक्ता दिसला की आपल्या पोरांना लगेच चातुर्वर्ण्य आठवतं. मलाही आठवलं. त्यावर एक कविता लिहिली आणि फाडून टाकली. कारण शेळीची किंमत म्हशीपेक्षा कमी असते हे काही मनूनं ठरवलेलं नाही, बाजारात जाऊन बघा. गाभण शेळी चार हजारांत कोणी देत नाही हे खरं. पण दुभती मुऱ्हा म्हैस सदतीस हजारांत कोणी देत नाही हेही तितकंच खरं. दोघांनाही तोकडंच मिळतं. तेव्हा आकड्यावर चिडून उपयोग नाही. माझा प्रश्न आकड्याच्या अलीकडचा आहे. नुकसान झालं म्हणजे नेमकं काय झालं? आणि ते कोणाचं झालं हे कोणी ठरवायचं?

हा प्रश्न मला पुस्तकातनं मिळालेला नाही. २०१९ च्या ऑगस्टात मिळाला.

त्या वेळी कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची खूण ४५ ची. माझ्या आत्तीचं गाव नदीकाठचं, आणि वस्ती गावाच्या सखल अंगाला. ती तिथं का आहे हे तुम्हाला सांगायला नको. आत्तीकडं चार शेरडं होती. दोन तिची. दोन वरच्या आळीतल्या एकाची, अर्धलीनं राखलेली. म्हणजे शेळी त्याची, चारा-पाणी, राखण, आजारपण आत्तीचं, आणि करडं झाली की निम्मी-निम्मी. जमीन नसलेल्या बाईला एवढंच जमतं. बांधाबांधानं हिंडायचं, गायरानात चारायचं, कोणी हाकललं की पुढं सरकायचं.

रात्री पाणी दारात आलं. नाव आली ती माणसांपुरतीच. आत्तीनं दावी सोडली. ती मला पुढं सांगायची, "म्हटलं जावा बायांनो, जिकडं वाट दिसंल तिकडं जावा. आनि काय करू शकत हुते मी?" मग आठ-दहा दिवस शाळेतल्या छावणीत. परत आली तेव्हा घराची एक भिंत होती आणि शेरडं नव्हती.

तलाठी पंचनाम्याला आले. संगं जनावरांचे डॉक्टर. मी तिथंच उभा होतो, शाळकरी पोरगा.

"शेरडं कुठायत?"

"गेली की पान्यात, भाऊसाहेब."

"मेलेली दाखवा."

"नदीनं नेलेली कुठनं दाखवू?"

"मग बाई, मी काय लिहू?"

तो माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो. तीन दिवस झोप नसलेला, चिखलानं पाय कुजलेला माणूस होता. त्याच्याही वर साहेब होता, आणि साहेबाच्या वर कागद. कागदाला मढं लागतं. मढं नसेल तर मरण नाही.

चार दिवसांनी एक शेळी सापडली. उसाच्या फडात, शेंड्याला अडकलेली, फुगलेली. ती निघाली अर्धलीची. मालक आला. पंचनामा त्याच्या नावानं झाला. तेव्हाच्या निकषात शेळीला तीन हजार होते, ते त्याच्या खात्यावर जमा झाले. आत्तीनं दोन वर्षं ती शेळी सांभाळलेली. तिनं मालकाला विचारलं का? विचारलं. तो म्हणाला, करडात निम्मं ठरलं होतं. बरोबरच आहे. करडात ठरलं होतं, मरणात ठरलं नव्हतं.

आता त्याच गावातली दुसरी गोष्ट. वरच्या आळीला गोठ्यात बांधलेल्या म्हशी दाव्याला तशाच बुडाल्या होत्या. त्यांचा पंचनामा झाला, फोटो निघाले, सह्या झाल्या. तेवढं उरकलं आणि पंचायतीतनं एक माणूस वस्तीत आला. "चार पोरं द्या. वास सुटलाय. मजुरी देऊ की." माझा आत्तेभाऊ भिंतीचा चिखल काढत होता. तो म्हणाला, "ज्याच्या नावावर पंचनामा झालाय त्याला वडू दे." थोडी बोलाचाली झाली. संध्याकाळी जेसीबी आला आणि तासाभरात सगळं उरकून गेला. जो संध्याकाळी येऊ शकला तो सकाळी का आला नाही, हे कोणी विचारलं नाही.

मी तेव्हा एवढंच समजलो की पंचनामा होईस्तवर म्हैस त्यांची असते. पंचनामा झाल्यावर ती आमची होते.

बाबासाहेबांनी हाच हिशेब एकदा मांडून दाखवला होता. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी संगमनेरची आठवण सांगितली. तिथं 'केसरी'च्या बातमीदारानं त्यांना चिठ्ठी पाठवून विचारलं होतं : तुमची माणसं एवढी दरिद्री, त्यांना अंगाला वस्त्र नाही, आणि तुम्ही त्यांना मेलेली ढोरं ओढू नका म्हणता. कातडं, शिंगं, हाडं यांचे वर्षाला पाचशे रुपये बुडतात, हे नुकसान नव्हे काय? बाबासाहेबांचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? घ्या, वर मी आणखी पाचशे देतो.

आपण हे ऐकून टाळ्या वाजवतो. पण त्यातला मुद्दा निसटतो असं मला वाटतं. त्या बातमीदाराचं गणित चुकलं नव्हतं. पाचशे म्हणजे पाचशे. चुकली होती ती त्यानं नुकसान मोजायला घेतलेली पायली. मिळणारा पैसा त्यात मावत होता, आणि त्या पैशापायी माणसाचं जे जातं ते मावत नव्हतं. आजच्या तक्त्याचंही तेच आहे. आत्तीची दोन वर्षं त्यात मावत नाहीत. भावाच्या नाकारलेल्या मजुरीला तर कुठं रकानाच नाही.

सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला चहाच्या वेळी हा विषय मी काढला, तर रिंगफ्रेमवरचा एक दोस्त उखडला. म्हणाला, "तू लेका कवी हायस आनि सरकारच्या तीन हजारांचं रडगाणं गातोस? आपण मागायचंच कशाला? मागणं सोडलं तवाच माणूस झालो की आपण." त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आपल्या बापजाद्यांनी बलुतं मागितलं, भाकरी मागितली, मेलेलं ढोर हक्क म्हणून मागितलं. तो हक्क म्हणजे गळ्यातलं मडकं होतं. महार वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं, आणि त्याआधी तीस वर्षं, १९२८ पासून, बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात त्या वतनाविरुद्ध बिल मांडत होते. तेव्हा ज्याला मागण्याचीच घाण वाटते त्याला मी बेअक्कल म्हणणार नाही.

पण मागण्या-मागण्यात फरक आहे. संगमनेरला नाकारला तो अपमानाचा मोबदला. पुरात गेलेली शेळी म्हणजे अपमानाचा मोबदला नव्हे, ती आत्तीची चूल होती. नाकारायचं काय आणि वसूल करायचं काय, हे दोन्ही एकाच स्वाभिमानानं ठरवावं लागतं. गोंधळ होतो कारण सरकारही आपल्याला तो गोंधळ करायलाच लावतं. कशानं? एका शब्दानं.

सानुग्रह.

आपत्तीत सरकार पैसे देतं त्या कागदावर हा शब्द वाचा. सानुग्रह अनुदान. अनुग्रह म्हणजे कृपा. गुरू चेल्यावर करतो ती, देव भक्तावर करतो ती. आणि ती ज्याच्यावर व्हायची त्याचं मस्तक खाली असावं लागतं. इंग्रजी कायद्यातल्या शब्दाला मराठी शब्द हवा होता, आणि कुठल्या तरी कारकुनाला हा सापडला. एवढ्या मोठ्या मराठी भाषेत त्याला 'देणं' सापडलं नाही. आपल्याकडं 'देणं' हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. मी तुला देतो ते देणं, आणि मी तुझं लागतो तेही देणं. वाण्याच्या वहीतलं देणं. सरकारला ही दुसरी बाजू नको असते.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं बारावं कलम मी माझ्या परीनं वाचलंय. मी काही वकील नाही, सातवीनंतरचं सगळं शिक्षण रात्रीचं आणि आपलं आपण केलेलं. पण त्यात म्हटलंय की राष्ट्रीय प्राधिकरणानं मदतीचे किमान निकष घालून द्यावेत, आणि त्या किमानात जीव गेला तर सानुग्रह साहाय्य, घर पडलं तर साहाय्य, आणि उपजीविकेची साधनं परत उभी करण्यासाठी साहाय्य येतं. कोरोनात मेलेल्यांच्या घरच्यांचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा ३० जून २०२१ ला कोर्टानं सांगितलं की हे कलम बंधनकारक आहे, मर्जीचं नाही. किती द्यायचे ते मात्र प्राधिकरणावर सोडलं, आणि त्यांनी पन्नास हजार ठरवले. म्हणजे बघा, शब्द अनुग्रहाचा आणि कायदा बंधनाचा. कृपा करायला बांधलेला देव हा देव राहत नाही. तो देणेकरी होतो.

आणि आणखी एक. कलमात उपजीविकेची 'साधनं' आहेत, 'मालमत्ता' नाही. माझ्या दृष्टीनं सगळा लेख या एका शब्दासाठी आहे. साधन कोणाचं? ज्याच्या नावावर आहे त्याचं, का ज्याचं पोट त्यावर आहे त्याचं? आत्तीसाठी ती शेळी साधन होती. मालकासाठी ती दारात न बांधलेली, जवळपास विसरलेली मालमत्ता होती. कायदा साधनाबद्दल बोलतो आणि तक्ता मालकाबद्दल. दोघांच्या मध्ये कुठं तरी आत्ती वाहून गेली.

सालगड्याचं बघा. वीस म्हशींच्या गोठ्यावर एक गडी राबतो. पहाटे धारा, शेण, वैरण, पाणी, परत धारा. पुरात गोठा गेला. मालकाला तीन म्हशींचे का होईना पैसे मिळतात. गड्याला दुसऱ्या दिवशी सांगतात, आता काम नाही, पुढं बघू. त्याची किती जनावरं मेली? एकही नाही. कागदावर तो पूर न आलेला माणूस आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात सीनेच्या काठानं पूर आला. जमिनी खरवडून गेल्या, दावणीच्या दावणी गेल्या. ऑक्टोबरात राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि त्यात तीन जनावरांची मर्यादा काढून टाकली. जितकी मेली तितक्यांचे पैसे. हे ऐकून आमच्यातला एकजण म्हणाला, बघा, बड्यांचं भलं झालं. मला ते पटत नाही. कर्ज काढून आठ गाई घेतलेला, डेअरीला दूध घालणारा शेतकरी बडा नसतो. त्याच्या तीनच गाई मोजून पाच गाई नदीला दान द्यायच्या हा अन्यायच होता, आणि तो गेला हे चांगलं झालं. त्याच्या दुःखावर आपण दात काढले तर मग वस्तीच्या दुःखावर दात काढणाऱ्यांना बोलायचं तोंड राहत नाही.

पण मर्यादा कोणत्या टोकाला ढिली झाली ते तर बघावं लागेल. वर, जिथं जनावरं जास्त आहेत तिथं. खाली, जिथं जनावर आहे पण कागद नाही, तिथली गाठ उलट आवळत गेलीय. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात जनावराच्या कानात बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचार नाही, आणि आपत्तीत मेलं तर पैसे नाहीत. पिवळा बिल्ला, बारा आकडी नंबर. आपल्या आधारचाही बाराच आकडी. ही एक समता मात्र झाली म्हणायची.

बिल्ल्याला माझा विरोध नाही. खोटी मढी दाखवून पैसे खाणारे आहेत, त्यांना आळा बसत असेल तर बसो. पण खोटेपणाची भीती सरकारला नेहमी खालूनच का वाटते हे मला कळत नाही. आत्तीसारख्या बाईनं दोन शेळ्यांचं खोटं सांगितलं असतं तर किती बुडालं असतं? सहा हजार. आणि तिचं खरं मानलं नाही तर तिचं किती बुडालं? दोनच शेळ्या होत्या. सगळं बुडालं. आठ गाईंतल्या पाच आणि दोन शेळ्यांतल्या दोन, यात जास्त कोणाचं गेलं हे ज्याला ठरवता येत नाही त्यानं तक्ता करू नये. मी त्याला रुपयांत उत्तर विचारत नाही. घर परत उभं राहायला किती दिवस लागतील ते विचारतोय. हे मोजता येतं. तलाठ्याला येत नसेल, गावाला येतं. कोणाच्या घरी चूल कशावर पेटते हे गावात कोणाला माहीत नसतं?

एक फाटा फोडतो, विषयाला धरूनच आहे. २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायला बंदी आली. गाईला १९७६ च्या कायद्यापासूनच होती. त्यानंतर म्हातारा बैल बाजारात नेऊन उपयोग राहिला नाही, आणि ज्यांचं पोट त्या धंद्यावर, कातड्यावर होतं त्यांचं काम गेलं. त्यात कुरेशी आले, ढोर-चांभार आले, आणि बैल विकून नवा बैल घेणारा कुणबीही आला. त्यांचा पंचनामा कोणी केला? कोणी नाही, कारण ती आपत्ती नव्हती, तो कायदा होता. आता गंमत अशी की तोच म्हातारा बैल, त्यातही ओढकामाला आहे असं दाखवता आलं तर, पुरात मेला की ३२,००० चा. जिवंत असताना त्याला गिऱ्हाईक नाही. मेल्यावर त्याला सरकार गिऱ्हाईक. म्हणजे आपत्ती कशाला म्हणायचं हेही वरच ठरतं. नदीनं नेलं तर मदत, सरकारनं नेलं तर संस्कृती.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या पुरानंतर आपण तहसीलवर मोर्चा नेऊ, नेलाच पाहिजे, तेव्हा 'शेळीचे दर वाढवा' एवढीच पाटी घेऊन जाऊ नये असं मला वाटतं. दर वाढतील. २०१९ ला तीन हजार होते, पुढं चार झाले. आत्तीला तीनातलंही शून्य मिळालं आणि चारातलंही शून्यच मिळालं असतं. दराच्या आधी नाव लागतं. राखणाऱ्याचं नाव, गड्याचं नाव, अर्धलीवाल्या बाईचं नाव पंचनाम्याला लागलं पाहिजे, आणि मढं नसेल तिथं शेजाऱ्यापाजाऱ्यांची साक्ष चालली पाहिजे. आपल्याच वस्तीत अर्धलीनं शेरडं देणारेही आता झालेत. नोकरीला लागलेले, आपलेच. त्यांना विचारा, मरणात निम्मं देणार का? मी एकाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, चळवळ वेगळी आणि व्यवहार वेगळा.

दोस्ताला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो, कारण भोंगा झाला आणि आम्ही साच्यावर गेलो. त्याचा राग अजून आहे. तो म्हणतो, हक्क म्हणून मागितलं तरी हात पसरावाच लागतो. मी म्हणतो, हात पसरणं वेगळं आणि वहीवर बोट ठेवणं वेगळं. यावर तो गप्प बसतो, पण पटलंय असं दिसत नाही.

गेल्या दिवाळीला आत्तीकडं गेलो होतो. भिंत परत उभी आहे, पत्रा नवा आहे. दारात दोन शेरडं बांधलेली. एक तिची, एक परत अर्धलीची, त्याच माणसाची. दोघींच्या कानात पिवळे बिल्ले. मी विचारलं, "आत्ती, बिल्ले कुणी मारले?"

"दवाखान्यातनं आली हुती पोरं. फुकाट मारलं."

"नाव कुणाचं लावलं?"

"हिला माजं." मग दुसरीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "हिला त्येंचंच. मोबाईल नंबर लागतो म्हनं. त्येंनीच दिला."

शेळी गाभण होती. आत्तीनं तिच्यापुढं सुबाभळीचा टाळा टाकला आणि नदीकडं तोंड करून बसली.